लपवलेली पट्टी

१८ नोव्हेंबर. मुलींच्या वसतिगृहासाठी भरलेल्या अर्जांचं काय झालं ते एकेक उघडून बघायचं, एवढंच त्या दिवशीचं काम होतं. वडवणीत बसस्थानकाजवळ माझं ऑनलाइन अर्ज भरून देण्याचं केंद्र आहे. दिवाळीच्या आसपास माणसं ऊसतोडीला निघतात. कागद, अंगठा, फोनवर येणारा ओटीपी, सगळं त्यांची गाडी निघायच्या आत उरकावं लागतं.

या वर्षी वसतिगृहाच्या अर्जांच्या साइटचं पान बघवत नव्हतं. वर लाल पट्टी सरकत होती, जागोजागी ‘नवीन’ लुकलुकत होतं, मध्ये फीत कापतानाचे फोटो आपोआप बदलत होते आणि कोपऱ्यात ‘मी आपली काय मदत करू?’ म्हणत एक बाहुली उड्या मारत होती. समोर हे, आणि मागे खुर्चीची पाठ धरून चारजणी उभ्या. डोळा पट्टीकडे गेला की आधारचा आकडा चुकायचा. माझ्याच गाळ्यात कुणीतरी मला कोंडून घातल्यासारखं वाटायचं.

मग मी ब्राउझरमध्ये एक साधन टाकून घेतलं. नको त्या गोष्टीवर माऊस न्यायचा, भोवती चौकट उमटते, क्लिक केलं की ती गेली. पान पुन्हा उघडलं तरी येत नाही. बाहुली गेली, फोटो गेले, पट्टी गेली. पांढरं पान आणि रकाने तेवढे उरले. अर्ज भराभर व्हायला लागले, डोकं दुखायचं थांबलं. मी स्वतःवर खूश होते.

अठरा तारखेला एका अर्जापुढे ‘अपात्र’ दिसलं. नववीतली मुलगी. आई-बाप कारखान्यावर पोचलेले, आजी तिच्यासाठी मागे थांबलेली. पण धाकट्या नातवंडांना सांभाळायला आजीही वीस तारखेच्या ट्रकने जाणार होती. वसतिगृहात जागा मिळाली तर मुलगी शाळेत, नाही तर त्याच ट्रकमध्ये.

कारण कुठेच लिहिलेलं नव्हतं. बीडच्या कार्यालयात फोन लावला. तिथला कारकून म्हणाला, “मॅडम, पट्टी वाचत न्हाई का तुमी? पंधरा दिवस झाले, वर फिरायलीय.”

आई-बाप ऊसतोडीला जातात असा ग्रामसेवकाचा दाखला नव्या नमुन्यात पुन्हा जोडायचा होता, सोळा तारखेपर्यंत. बाकीचे अर्ज त्याआधीच मंजूर झाले होते, हा एकटा मध्ये सापडला. मी साधन बंद केलं. पट्टी, फोटो, बाहुली, सगळं एकदम परत आलं. पट्टीवर ती ओळ होतीच.

काही मार्ग आहे का, म्हणून मी विचारलं. कारकुनाने आवाज खाली आणला. चूक केंद्राची आहे असं लेखी दिलं आणि मुलीला सोबत आणलं, तर साहेब उद्यापर्यंत घेतीलही. पण मग माझा केंद्र चालवायचा आयडी बंद होऊ शकतो, तेवढं बघा. आयडी गेला की माझ्याकडे झेरॉक्सचं मशीन आणि दोन प्लास्टिकच्या खुर्च्या राहतात. घर त्या आयडीवर चालतं.

दुपारी आजी आणि मुलगी आल्या. मी तोंड उघडायच्या आत आजीच म्हणाली, “सर्व्हर डाऊन हाय का ताई?”

हा शब्द तिला आमच्यासारख्यांकडूनच मिळालेला. आम्ही केंद्रवाले सगळं त्यावर ढकलतो आणि कुणी उलट विचारत नाही. मी हो म्हणाले.

“मंग त्याला कोन काय करनार,” आजी म्हणाली आणि नातीकडे वळली. “चल आता मोळ्या बांधायला. लई वाचून डोळे गेले तुझे.”

थट्टाच होती. मुलगी हसली नाही. तिने मला विचारलं, “सर्व्हर किती वाजता सुरू व्हईल?”

तिला वेळ हवी होती. तोवर ती खुर्चीत बसून राहिली असती. मी इकडेतिकडे बघितलं, पण त्या गाळ्याला दार एकच, आणि त्यात या दोघी उभ्या.

“सर्व्हर सुरू आहे,” मी म्हणाले. “चूक माझी झाली.” आणि काय झालं ते सांगितलं.

“मंग आधी कावून न्हाई सांगितलं?” आजीने विचारलं.

मी ग्रामसेवकाला फोन केला, आणि दोघींना संध्याकाळच्या आत दाखला आणायला पाठवलं. मग अर्ज लिहायला बसले. आधी ‘तांत्रिक अडचणीमुळे’ लिहिलं. फाडलं. मग ‘नजरचुकीने’. तेही फाडलं, कारण नजर चुकली नव्हती, मीच ती झाकून ठेवली होती. तिसऱ्या कागदावर सूचनेची पट्टी मी बंद केली होती, विद्यार्थिनीची चूक नाही, असं लिहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीला घेऊन मी पहिल्या एसटीने बीडला गेले. तिने खिडकीवर दाखला दिला, मी माझा कागद दिला. कारकुनाने वाचून वर बघितलं आणि खाली आयडी नंबर राहिलाय म्हणाला. मी तो लिहिला, सही केली आणि दोन्ही कागदांची पोच मागितली.