दस्त्याचा तुकडा

साउथहॅम्प्टनला बंदुका दुरुस्त करणाऱ्या त्या म्हाताऱ्याचं नाव मी कधी विचारलं नाही. एनसीसीत असताना लागलेला नेमबाजीचा नाद मी इथल्या क्लबात पुरवत होते. सायकलवरून पडून डावं कोपर मोडलं आणि हात पूर्ण सरळ होईना. माझी पॉइंट टू-टूची सेमी-ऑटोमॅटिक रायफल पुढून पेलवेना. मी त्याला म्हटलं, "नळी थोडी कापून द्या."

मोठ्या सेमी-ऑटोमॅटिक रायफलींवर नुकतीच बंदी आली होती. त्याने चष्मा काढून सावकाश पुसला. म्हणाला, "नळीच्या लांबीवर कायद्याचं लक्ष असतं, डॉक्टर. खांद्याला टेकणारा दस्ता मात्र तुमच्या मापाचा करता येईल."

मग शिंप्यासारखी टेप घेऊन त्याने माझा हात मोजला, रायफल मोजली, पुन्हा हात मोजला. दस्त्याच्या मागचं दोन बोटं लाकूड कापलं. तो तुकडा मी कचऱ्यात टाकायला निघाले, तर त्याने काढून घेतला, त्याला दोन भोकं पाडली आणि दोन स्क्रूंसकट कागदात गुंडाळून माझ्या हातात दिला.

"हे कशाला?"

"हात सरळ झाला की परत बसवायला."

हात एवढाच राहणार, असं धरून मी फिजिओथेरपी केव्हाच सोडली होती. आणि म्हणे मी डॉक्टर. दुसऱ्या दिवशी मुकाट्याने पुन्हा सुरू केली.

पुढच्या उन्हाळ्यात त्याच्याकडे गेले. त्याने माझ्या सरळ झालेल्या कोपराकडे पाहिलं. त्या तुकड्यासाठी नुसता हात पुढे केला.