टेपबाई आणि अप्पांची उंची

म्हाताऱ्या पेशंटची उंची घेताना तिनं कधी कुणाला भिंतीशी उभं केलं नाही. "आजोबा, हात पसरा बघू," म्हणायची आणि एका हाताच्या मधल्या बोटापासून दुसऱ्या हाताच्या मधल्या बोटापर्यंत टेप लावायची. "कणा खचतो गं, हात काही आखूड होत नाहीत," हे मला ऐकवायचं तिचं ठरलेलं वाक्य. वॉर्डात तिला टेपबाईच म्हणत.

सत्तरच्या दशकात सोलापूरच्या एका इस्पितळात आम्ही दोघी डॉक्टर म्हणून एकदमच लागलो. मीही काही कमी राबत नव्हते. पण मी खाटेजवळ गेले, की म्हाताऱ्या विचारायच्या, "ती दुसरी बाई न्हाय का आज?" मला ते फार लागायचं.

मग माझे वडील, अप्पाच, तिच्याकडे पेशंट म्हणून आले. नव्या पेठेत आमचं कापडाचं दुकान. वरच्या फळीवरचा तागा अप्पा स्टुलाशिवाय काढत, त्याचा त्यांना केवढा अभिमान! सत्तरी उलटली, पोक आलं, दम लागू लागला. इस्पितळातल्या ब्रदरनं त्यांना भिंतीशी उभं करून उंची मोठ्यानं सांगितली. अप्पांनी मान खाली घातली. माणूस जितका उंच तितका त्याचा श्वास मोठा हवा; फुंकायच्या यंत्रावरचा अप्पांचा श्वास तेवढ्या उंचीला पुरेसा निघाला. मला हायसं वाटलं.

टेपबाईला नाही वाटलं. तिनं अप्पांना हात पसरायला लावले, टेप बघितली आणि म्हणाली, "एवढ्या उंच माणसाला हा श्वास कमी आहे. अप्पा, तुमची उंची गेली नाही, नुसती वाकलीय."

"व्हय की! लई उंच हुतो मी," अप्पा एकदम खुलले.

छातीचं दुखणं वेळेत सापडलं. औषधं लागू पडली, अप्पा पुन्हा दुकानात बसू लागले. मला आनंद झाला, आणि तिचा हेवाही वाटला. कारण आता घरी एकच विचारणा, "ती पोरगी कवा येनार?"

ती आली की तासन्‌तास गप्पा. एकदा मला सहज म्हणाली, "तुझी आई बुटकी म्हणून सोयरीक मोडत होती ना? अप्पाच हटून बसले म्हणे."

आई मी लहान असतानाच गेली. तिच्याबद्दल अप्पांनी माझ्याजवळ कधी शब्द काढला नव्हता.

"हो तर," मी म्हटलं.

पुढे तिची बदली झाली. अप्पा हट्टानं एस.टी. स्टँडवर आले. गाडी सुटताना ती खिडकीतून मला म्हणाली, "तुझा फार हेवा वाटायचा गं. माझे वडील मला आठवतसुद्धा नाहीत."

खरं सांगते, तेव्हाही मला तिचाच हेवा वाटला. मनातलं किती सरळ बोलून टाकलं तिनं!

गाडी दिसेनाशी झाली. मी धीर करून विचारलं, "अप्पा, आई केवढी होती हो?"

अप्पांनी आपल्या छातीशी आडवा हात धरला. "हितवर," म्हणाले. आणि आपण वाकलोय हे ध्यानात येऊन त्यांनी तो हात हळूच थोडा वर नेला.