मोहरावरच्या माशा

पेठच्या अलीकडे, जंगलाला लागून आमची केशर आंब्याची बाग आहे. आईनं लावलेली. ती गेली त्याला दोन वर्षं झाली, आणि दोन्ही वर्षं मोहर आला तसा गळून गेला. वडील म्हणाले, "यंदा फळ नाय धरलं तर झाडं काढून टाकू. टमाटे लावू." टमाट्यांशी माझं वैर नाही, पण आईच्या झाडांच्या जागी? माझं डोकंच फिरलं.

मी कृषी सहायकाला बोलावून आणलं. "औषधं मारून मारून माशा संपवल्यात तुम्ही," तो म्हणाला. "फवारणी थांबवा आणि झाडांना मासे टांगा. सडले की वासावर जंगलातून हिरव्या माशा येतात, अंडी घालायला. त्याच मग मोहरावर बसतात, पायांना पराग लागतात, ते दुसऱ्या झाडावर जातात. फळ धरतं."

अण्णा, म्हणजे वडील, माळकरी. आमच्या घरात कधी अंडंसुद्धा शिजलेलं नाही. ते म्हणाले, "तुला करायचं ते कर. मी शिवणार नाय."

मी नाशिकरोडला नोकरी करते, बागेत जाते ती रविवारी. शुक्रवारी बाजारात गेले. जन्मात मासे घेतले नव्हते. मासेवाल्या मावशी बांगड्याचे कल्ले उघडून दाखवायला लागल्या, "बघ ताई, कसा लाल आहे." मी म्हटलं, "मावशी, सडका नाही का?" झालं. बाईंनी मला असं धुतलं की शेजारची गिऱ्हाइकंही थांबून ऐकायला लागली. शेवटी ताजेच घेतले आणि दोन दिवस गॅलरीत सडवले. तेवढ्यात शेजारणीनं बोलणं सोडलं.

रविवारी डबा घेऊन एसटीत बसले. झाकण घट्ट होतं, पण वास काय झाकणाला ऐकतो? लोक भराभर खिडक्या उघडायला लागले, कंडक्टर वाकून सीटखाली बघायला लागला. मीही ओढणी नाकाला लावून 'काय बाई लोक असतात' असा चेहरा करून बसले.

कांद्याच्या जाळीदार पिशव्यांत मासे घालून चार झाडांना टांगले. दुपारपर्यंत माशा हजर. पण मासा वाळला की वास संपतो आणि माशाही जातात. दोन-तीन दिवसांनी नवा टांगायला हवा, आणि मोहर काही माझ्या सुट्टीसाठी थांबत नाही. बुधवारी अण्णांना फोन केला, कुणाकडून तरी टांगून घ्या म्हणायला. त्यांनी फोन कापला. मी आधी चिडले, मग ऑफिसच्या जिन्यात बसून रडले.

पुढच्या रविवारी नवा डबा घेऊन पोचले तर बागेत माशांची नुसती भणभण. माझ्या चार पिशव्यांच्या आता ओळीनं पंधरा-सोळा झाल्या होत्या, सगळ्यांत ओले मासे. मोहराच्या देठांवर मोहरीएवढे हिरवे दाणे धरले होते. अण्णा विहिरीवर अंगावर पाणी घेत होते. गळा मोकळा होता.

"अण्णा, माळ?"

"देवापुढं ठिवलीय. आंघोळ झाली की घालतो. रोजचंच हाय आता."

"आणि मासे?"

"पेठच्या बाजारातनं आणतो. बघंना का गाव."

"मग माझा फोन का कापलात?"

"हातात मासा होता."

मला हसू आलं आणि रडूही आलं. हातातला डबा तसाच धरून मी उभी राहिले. अण्णांनी तोंडावरचं पाणी निपटलं आणि हात पुढे केला.

"दे इकडं. अजून माळ घातली नाय."