फ्रॉकचं टोक

लहानपणी शिरढोणहून पनवेलला आम्ही शेअर टॅक्सीने जायचो. जुन्या गाडीत पुढे एकच लांब सीट असायची. तिच्यावर डावीकडे तिघं कोंबले की ड्रायव्हर मधे सरकायचा आणि त्याच्या उजव्या हाताला, दाराशी, मला बसवायचा. आई मागे, पिशव्या मांडीवर घेऊन.

त्याचं नाव आम्ही कधी विचारलं नाही. गाडी सुरू करण्याआधी तो माझ्या फ्रॉकचं टोक ओढून स्वतःच्या मांडीखाली घ्यायचा. मी एकदा कारण विचारलं.

"तू पडलीस त मी पन पडनार," तो म्हणाला. "आनि मना घरी जायाचा हाय."

एकदा वळणावर दार खरंच उघडलं. पायाशी रस्ता पळताना दिसला. फ्रॉक कमरेशी उसवला, पण मी जागची हलले नाही. त्याने हात लांबवून दार ओढलं आणि आणखी थोडं कापड मांडीखाली घेतलं.

आता नातीला गाडीत मागे तिच्या छोट्या खुर्चीत बसवते. पट्टा टक्कन लागतो, मला हायसं वाटतं. तरी शेजारी बसताना तिच्या फ्रॉकचं टोक मी मांडीखाली घेतेच.

"आजी, फ्रॉक चुरगळतोय," ती कुरकुरते.

चुरगळू दे.