दगडावरची वेणी

नदीकाठच्या त्या तीन खोल्या सुट्टीत येणाऱ्यांसाठी मावशीच सांभाळायची. चादरी बदलायच्या, न्हाणीघरं घासायची, तक्रारी हसण्यावारी न्यायच्या. "इथं कसला आवाजच नाही हो," असं कुणी म्हणालं की ती विचारायची, "मग काय, मागवून घेऊ?"

ती आठ वर्षांची असताना खालच्या पायऱ्यांशी दगडावर कपडे धुणारी तिची आई वाहून गेली. सापडलीच नाही. त्या सकाळी आईने थोरलीची वेणी घातली होती. धाकटीला, म्हणजे हिला, म्हणाली होती, "तुझी आल्यावर."

एका दुपारी पाहुण्यांची सहा वर्षांची पोर पायऱ्या चढून वर आली. केस ओले आणि चार पेडांची घट्ट वेणी.

"अगंबाई, मावशी, किती सुरेख घातलीत!" पोरीची आई म्हणाली.

मावशीच्या हातातली बादली निसटली. "मी नाही घातली."

"दगडावरच्या आजीने घातली," पोर म्हणाली. "तिचे हात गारगार आहेत. म्हणाली, धाकटीला पाठव, तिची राहिलीय."

बापाने खाली जाऊन पाहिलं. चिटपाखरूही नव्हतं. तरी त्या मंडळींनी सामान आवरायला घेतलं.

मावशी खाली उतरली. अंबाडा सोडून, नदीकडे पाठ करून दगडावर बसली. "बसले बघ," म्हणाली.

बराच वेळ काहीच झालं नाही. मग मानेला गारवा लागला. केसांतून बोटं फिरली, पेड करकचून ओढला गेला, अगदी आई ओढायची तसाच. मावशीने डोळे मिटले. इतकं बरं तिला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. पेडावर पेड पडत होता आणि दर पेडाला मान थोडी मागे जात होती.

"मावशी! अहो, पाणी!" वरून पोरीचा बाप ओरडला.

तिने डोळे उघडले. पाणी कमरेला लागलं होतं.

"सोड गं, आई."

हात सुटेना.

"आई, दुखतंय."

तेव्हा सुटला.

दुसऱ्या दिवशी थोरली बहीण आली. ती अर्धी वेणी बघून मागे बसली आणि पेड सोडवू लागली. मध्येच थबकली. "अजून ओले कसे गं?"

आता पायऱ्यांना तारेचं कुंपण आहे. कुणी विचारलंच, तर तिथं घसरतं, एवढंच मावशी सांगते. बरोबर लहान मुलगी असली, तर मात्र खोली रिकामी असूनही नाही म्हणते.