किती कानांवर?

पिठाच्या गिरणीत कानाशी तोंड नेल्याशिवाय बोललेलं ऐकू येत नाही. शेजारच्या काकू माझ्या कानात ओरडल्या, “आमच्या नीताची नोकरी गेली गं! कुठे काही असलं तर सांग!” नेमके तेव्हाच लाइट गेले, गिरणी थांबली आणि अख्ख्या रांगेने ते ऐकलं. काकू अगदी कानकोंड्या झाल्या.

कानावर घालायचं म्हणतो आपण. पण किती कानांवर, हे ठरवतं कोण? मागून एक अनोळखी बाई म्हणाली, “काय शिकलीय पोरगी? माझ्या भावाला विचारते.”

लाइट आले. काकूंच्या गव्हामागून माझी ज्वारी पडली. आधीच्याचं चिमूटभर पीठ पुढच्याच्या डब्यात येतंच. एरवी मी त्यावरून भांडते.

“तुझ्यात आमचं थोडं येईल हं,” काकू म्हणाल्या.

“येऊ दे, काकू.”