दादांची चिठ्ठी

मंडळी, आज सकाळी सोलापुरात दाढी करायला सलूनमध्ये बसलो होतो. समोर टीव्हीवर दोन राजकीय विश्लेषक भांडत होते. एक उमेदवार प्रचारसभेत शेतकऱ्यांबद्दल वाईट बोलला, त्यावरून. एक म्हणे, तो संपला. दुसरा म्हणे, एक मतही कमी होणार नाही.

दाढी करणारे महादूअण्णा हसले. "मागल्या बारीला बी ही दोघं अशीच भांडली की. निकालानंतर कुणाचं चुकलं, ते कुणी बोललंच न्हाय."

मला एकदम आमचं मोहोळ गाव आठवलं. तिथं आमच्या दादांचं, म्हणजे वडिलांचं, शिलाईचं दुकान होतं. निवडणूक आली की दुकानात बसणारे सगळे आपला अंदाज चिठ्ठीवर लिहून शेंगाचटणीच्या रिकाम्या बरणीत टाकायचे. निकालाच्या संध्याकाळी बरणी उघडली जायची. ज्याचा अंदाज चुकला, त्यानं उभं राहून स्वतःची चिठ्ठी मोठ्यानं वाचायची, एवढाच नियम.

एकदा असाच एक उमेदवार सभेत बायकांबद्दल वाईट बोलला. दादांनी लिहिलं, 'हा पडणार.' तो दणक्यात निवडून आला. दादा मशीनवरून उठले, चिठ्ठी वाचली आणि म्हणाले, "चुकलो. माणसं वळखायला आजून शिकायचं हाय."

मी तेव्हा शाळेत होतो. भरल्या दुकानात आपला बाप 'चुकलो' म्हणतोय, याची मला लई लाज वाटली होती.

आज त्या दोघांचा आरडाओरडा ऐकताना तोच एक शब्द ऐकावासा वाटत होता. तुम्ही तो शेवटचा कधी ऐकलात, आणि कुणाच्या तोंडून?